काटा चढत नाही

सत्यवतीबाईंनी भातकुलीच्या घरासमोर गाडी चालू केली, तेव्हा मागे पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की शेजारच्या दुर्गाबाईंनी वाळत घातलेलं धुणं घाईघाईनं काढून घेतलं. जानेवारीतली सकाळ, वीस वर्षांची डिझेल गाडी, आणि आज तिला अकोल्याच्या शुभमच्या यार्डात नेऊन सोडायचं होतं. शुभम जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकत असे. अमरावतीच्या मिस्त्रीनं धूर पाहूनच निकाल दिला होता: रिंगा गेल्या, ऑइल जळतंय, इंजिन संपलं. बाईंचे यजमान भगवंतराव यांना तो पटला होता. सत्यवतीबाई अकोल्यापर्यंत यायला कबूल झाल्या होत्या, गाडी द्यायला नाही. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं एवढंच.

बाई चाळिशीत गाडी शिकल्या होत्या. त्याआधी त्यांचा झेंडू आणि शेवंती दुसऱ्यांच्या टेम्पोतून जायची आणि बाजार उठता उठता पोचायची. मग ही जुनी गाडी आली, आणि गेली तेरा वर्षं बाई पहाटेच्या बाजारात पहिल्या रांगेत बसत आल्या. गाडी गेली की पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोची वाट पाहणं आलं, आणि ते त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

"धूर पाह्यला?" हायवेला लागल्यावर भगवंतराव म्हणाले. "मिस्त्री काय खोटं बोलते?"

"खोटं नाई बोलत. न पाह्यता बोलते," बाई म्हणाल्या. "ऑइल जळत असतं तं कमी झालं असतं. महिनाभर रोज ऑइलची पट्टी काढून पाह्यली, थेंब कमी नाई. पाणीबी तेवढंच हाय. अन् वास घ्या. जळक्या ऑइलचा हाय का? कच्च्या डिझेलचा हाय. डोळ्याले झोंबते."

वासाच्या बाबतीत बाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवंती काल तोडली की परवा, हे त्या टोपलीवरचं फडकं न काढता सांगत.

"मंग झालं काय तिले?"

"थंड पडली, डिझेल पुरं जळत नाई. काटा पाहा."

इंजिनच्या तापमानाचा काटा तळाशी झोपला होता. भगवंतराव त्याच्याकडे पाहून उलट खूश झाले. "थंड चालून राह्यली तं चांगलंच हाय न."

आता वऱ्हाडातल्या माणसाला थंडपणा हा दोष आहे हे पटवायचं कसं? मे महिन्यात इथं डांबर पायाला चिकटतं. गाडीचा काटा खाली असला की मालक छाती पुढं काढून फिरतो. भगवंतराव तर दोन वर्षं घरी येईल त्याला तो काटा दाखवत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलानं सरकली, आणि बाईंनी आरशात पाहिलं तर धूर विरळ झाला होता. काटाही थोडा उठला होता. रस्ता मोकळा होऊन वारा लागला तसा काटा पुन्हा खाली गेला आणि धूर परत सुरू झाला. बाईंना आता शंकाच उरली नाही. मूर्तिजापूरला त्यांनी फळवाल्याकडून संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतला आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या पुढ्यात खोचला.

"गाडी जाळतं काय वं?" भगवंतराव खाली उतरले.

"आधणावर झाकण नसलं तं कधी उकळते? काटा माह्या डोळ्यासमोर हाय. अर्ध्याच्या वर गेला तं काढीन पुठ्ठा."

दहा-बारा किलोमीटरमध्ये काटा मधोमध येऊन थांबला. बाईंनी गाडी कडुनिंबाखाली घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि मागं गेल्या. सायलेन्सरमधून धूर नव्हता. तळहात धरून त्यांनी नाकाशी नेला. झोंबणारा वास गेला होता. भगवंतरावांनी दोनदा वाकून पाहिलं.

"आतमंधी वॉल असते, थर्मोस्टॅट," बाई इंजिन बंद करत म्हणाल्या. "इंजिन तापत नाई तवरोक रेडिएटरचं पाणी अडवून ठेवते. थो उघडाच अडकला असंल. जरा निवू द्या, खोलून पाहू."

त्यांनी डिकीतून पाना काढला.

"खोलू नोको," भगवंतराव म्हणाले. "थो तिथं नाई."

"म्हंजे?"

"मीच काढला. दोन वर्षं झाले. मे महिन्यात इथंच गाडी तापली होती न. दोन घंटे उन्हात बसली तू. तीन दिवस सलाईन होतं तुले, वळखत नव्हती मले." ते रस्त्याकडे पाहत बोलत होते. "एका ट्रकवाल्यानं सांगतलं, वॉल काढा, गाडी कधी गरम होत नाई. मी म्हटलं, मंग काढतोच."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"गाडीले हात लावजा नोको, म्हटलं होतं तुनं."

सत्यवतीबाईंना राग आला, चांगलाच आला. दोन वर्षं जास्तीचं डिझेल, दुर्गाबाईंचे टोमणे, आणि आज तर गाडी फोडायलाच निघालेली. पण रागाबरोबर डोळेही भरून आले, आणि धूर तर केव्हाच बंद झाला होता. या माणसाला आपण एवढे हवे आहोत, हे चौतीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि तेही थर्मोस्टॅटच्या निमित्तानं.

त्यांनी शुभमला फोन लावून गाडी येत नसल्याचं सांगितलं. मग विचारलं, "वॉल फेकला?"

"नाई. माह्या दाढीच्या डब्यात हाय."

दुपारी भातकुलीच्या स्वयंपाकघरात तो वॉल पातेल्यातल्या पाण्यात पडला होता. दोघं गॅसपाशी उभी होती. पाणी उकळायच्या बेतात आलं तशी मधली चकती हळूच वर उचलली गेली. बाईंनी तो चिमट्यानं थंड पाण्यात टाकला. चकती घट्ट मिटली.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आजच बसवते."

"अन् मे महिन्यात तापली तं?"

"तं गाडी सावलीत लावू," सत्यवतीबाईंनी गॅस बंद केला. "अन् तुमी माह्याजवळ बसजा."