अर्विडकडे मांजर नाही

सोल्वेचा अपंगत्व भत्त्याचा अर्ज नामंजूर झाला तो तिच्या चांगल्या वळणामुळे. अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, आमच्या तळ्याकाठच्या गावात, माणसाचा पाय मोडून लोंबत असला तरी ‘कसं काय?’ला उत्तर एकच: ‘ठीक चाललंय.’ रडगाणं गाणं म्हणजे भरल्या ताटापाशी नाक शिंकरणं. अर्जात विचारलं होतं, ‘आजाराचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो?’ सोल्वेनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘फारसा नाही. याहून वाईटही असू शकलं असतं.’

तिला अपस्मार होता. महिन्यातून चार-पाचदा फिट यायची. त्यापायी गाडीचा परवाना गेला, शाळेतली नोकरी गेली. आता आठवड्यातले तीन दिवस ती म्हाताऱ्या अर्विडच्या दुकानात मासेमारीचे गळ, दोऱ्या आणि जिवंत आमिष विकायची. नव्या गोळ्यांनी फिट आटोक्यात येतील असं डॉक्टर म्हणत होते, पण त्या गोळ्या तीन दिवसांच्या पगारात बसत नव्हत्या. भत्ता मिळाला तर सरकारी विमा मिळणार होता, आणि विमा मिळाला तरच गोळ्या.

फेरअर्जासाठी तिला मोफत वकील मिळाली. रोझॅन. न्यू जर्सीची बाई, तोंडाला कुलूप नाही.

“‘फारसा नाही’? अहो, जानेवारीत माशांच्या टाकीत पडलात ना तुम्ही?”

“सगळी नव्हते पडले,” सोल्वे म्हणाली. “डोकंच तेवढं आत गेलं होतं.”

रोझॅननं कपाळाला हात लावला. “आणि अर्जासोबतच्या पत्रात तुमच्या मालकांनी काय दिवे लावलेत ते ऐका. ‘सोल्वे एकही दिवस बुडवत नाही. अशी कामसू बाई शोधून सापडणार नाही.’ अशा बाईला भत्ता कोण देईल? राज्यपाल करतील तिला! जा, त्यांच्याकडून नवं पत्र आणा. खोटं एक अक्षर नको. पण खरं सगळं हवं.”

दुसऱ्या दिवशी अर्विड डब्यांत गांडुळं भरत होता. सोल्वे गल्ल्यामागच्या जाड रबरी चटईवर उभी राहिली. दुकानातलं मांजर फरशी ओरबाडतं म्हणून ती अंथरलीय, असं तो सांगायचा. ते मांजर मात्र सोल्वेला अजून दिसलं नव्हतं.

“अर्विड, माझ्याबद्दल थोडं वाईट लिहून द्याल का?”

त्याच्या हातातलं झाकण पडलं. “काय केलंस तू?”

“काही नाही. काय काय होत नाही माझ्याच्यानं, ते लिहायचंय.”

तो तासभर कागदाशी झटला. मग त्यानं हळूच विचारलं, “‘कधीकधी किंचित सावकाश’... हे फार लागेल का गं?” आणि तिला वाईट वाटू नये म्हणून आधीच कॉफी आणून दिली.

“वकीलबाई म्हणाल्या, खरं सगळं हवं.”

“सगळं?” अर्विडनं नवा कागद घेतला. “मग तू तिकडे जाऊन खणांत गळ लाव. इकडे बघू नकोस.”

पाकीट त्यानं चिकटवूनच दिलं. रोझॅननं ते सोल्वेसमोरच फोडून मोठ्यानं वाचलं.

‘फिट आली की सोल्वे तासभर मागच्या खोलीत झोपते. त्या वेळेचा पगार मी कापत नाही. उठल्यावर ती गळ भलत्याच खणांत ठेवते. ती घरी गेली की मी ते पुन्हा लावतो. शिडी मी लपवली आहे, तिला सांगतो शेजाऱ्यानं नेली. टाकीला झाकण केलं ते तिच्यासाठी. चटई मांजरासाठी आहे असं सांगितलं आहे. माझ्याकडे मांजर नाही. दुसऱ्या कुणाला मी एवढं सांभाळून कामावर ठेवलं नसतं.’

सोल्वेला रडू फुटलं. निदान त्या दुकानात तरी आपण कुणाला जड नाही, असं तिला इतके दिवस वाटत होतं. तिला लाज वाटली, रागही आला, आणि अर्विडबद्दल इतकी माया दाटून आली की हुंदका आवरेना.

“कमाल आहे तुमच्या गावाची,” रोझॅन नाक पुसत म्हणाली.

सुनावणीला अधिकाऱ्यानं सहज विचारलं, “कशा आहात?”

सोल्वेच्या ओठांवर ‘ठीक’ आलंच होतं. तिला ती चटई आठवली.

“बरी नाही मी,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. आणि मग चाळीस मिनिटं थांबली नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. ते घेऊन ती तडक दुकानात गेली.

“मंजूर झाला.”

“वाईट नाही,” अर्विड म्हणाला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“शेजाऱ्यानं शिडी दिली का परत?”

“नाही बुवा अजून.”

“आणि मांजर?”

“बाहेर गेलंय.”

“बरं,” सोल्वे म्हणाली. जाताना तिनं चटईशेजारी बशीभर दूध ठेवलं.

पुढच्या पाळीला ती आली तेव्हा बशी धुऊन, पुसून गल्ल्यावर पालथी घातलेली होती.