साडेपंचवीस इंच

भिंतीवरची खुंटी रिकामी दिसली तेव्हा मला आधी वाटलं, चोरी झाली. दार बघितलं, खिडकी बघितली, सगळं जागच्या जागी. आमचे हे मात्र खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत होते. गिटार कुठंय म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणाले, विकली. जुना पंखा विकल्यासारखं.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. मला न विचारता? लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती गिटार माझ्याआधी इथे होती. सुरुवातीला मी तिला सवतच म्हणायचे. पण इतकी वर्षं एका छताखाली काढल्यावर सवतीचाही लळा लागतो. दर शनिवारी हे क्लबात वाजवायला जायचे आणि मी शिवणाचा पसारा तसाच टाकून मागच्या रांगेत जाऊन बसायचे. माझ्या आठवड्यातला तेवढाच वेळ माझा होता.

का विकली ते मला कळत नव्हतं असं नाही. हे कामावर गोदामात शिडीवरून पडले, डाव्या खांद्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती गिटार म्हणजे भरलेली बादली. एकदा गळ्यात अडकवून पाहिली तर पाच मिनिटांत घामाने डबडबले. तेव्हापासून तोंडाला कुलूप. जेवायला वाढलं की जेवायचं, नाहीतर पेपर. एकच पेपर सकाळी वाचायचे आणि तोच संध्याकाळी.

मी काही हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नाही. दुसऱ्याच दिवशी वाद्यांच्या दुकानात गेले आणि तिथल्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी गळ्यात अडकवून पाहिल्या. ज्या हलक्या होत्या त्या पोराटोरांच्या. ज्या मोठ्या होत्या त्यांच्या कडा बरगड्यांत रुतायच्या. आणि यांचा खांदा तर आता चांगला बोटभर खाली आलेला. तयार कपडा याला बसायचा नाही, हे मला तिथेच कळलं. मी दुकानदाराला म्हटलं, मापाने शिवून द्याल का? तो खो खो हसला. म्हणाला, "ताई, गिटार म्हणजे काय झबलं वाटलं का?"

हसू दे. पण माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्याने मला एक गिटार उलटी करून दाखवली. गळा वेगळा, धड वेगळं, मध्ये फक्त चार स्क्रू. आवाज उचलणारी चुंबकं वेगळी, तारा पिळायच्या चाव्या वेगळ्या, तारा खाली जिथे टेकतात तो ब्रिज वेगळा. म्हणाला, हौशी लोक सुटे भाग जमवून घरी जोडतात. मी म्हटलं, हे तर माझंच काम. बाही वेगळी, पाठ वेगळी, कॉलर वेगळी, आणि जोडलं की सदरा.

गळा त्याच्याचकडे मिळाला. धड फुटलेली एक गिटार माळ्यावर पडून होती, पण तिचा गळा सरळ होता. देताना त्याने दोनदा बजावलं, की या गळ्याला तारेची लांबी साडेपंचवीस इंच लागते. वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून येतात तिथपासून खालच्या ब्रिजपर्यंत बरोबर तेवढी. मोजायला चुकाल तर सूर जुळायचे नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, मोजायचं मला शिकवू नकोस.

धडासाठी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना गाठलं. यांच्या सदऱ्याचा कागदी नमुना माझ्याकडे होताच. नवा सदरा शिवते अशी थाप मारून यांचं पुन्हा माप घेतलं. पडलेला खांदा, आत गेलेली बरगडी, मांडीवर गिटार टेकते ती जागा, सगळं. त्यावरून खाकी कागद कापून काकांपुढे ठेवला. काकांनी हलकं, पण स्क्रू धरून ठेवणारं लाकूड निवडलं आणि पोटाकडची बाजू कागदाबरहुकूम खोलगट तासली. ब्रिजची भोकं पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून आपली स्टीलची पट्टी काढली. मी म्हटलं, "काका, ती ठेवा खिशात. माप माझं." गळ्यातला टेप काढला, साडेपंचवीस इंच मोजले, खडूने खूण केली. काकांनी खुणेवर भोकं पाडली.

चुंबकांचं जरा जास्तच झालं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने कुठून तरी दोन जुनी चुंबकं आणली, पण एकावरची तार आतून तुटलेली निघाली. केसाहून बारीक तांब्याची तार, तिचे हजारो वेढे. तो म्हणाला, टाकून द्या. मी ते शिलाई मशीनवर चढवलं, जिथे बॉबिन भरतो तिथे, आणि पायाने हळूहळू भरायला घेतलं. तार तुटली. पुन्हा घेतलं, पुन्हा तुटली. मी त्या तारेला जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पण चौथ्या वेळेला भरून झालं, आणि रेडिओवाल्याने डाग देऊन तपासलं तर मीटरचा काटा हलला.

या सगळ्यात आमचे हे काय करत होते? काही नाही. शिवणाच्या टेबलावर गळा, चाव्या, तारा पसरलेल्या बघून म्हणाले, हा काय कारखाना मांडलाय. मी आधीच सांगतो, मी वाजवणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला विचारतंय कोण. नणंद आली, तिनेही आपलं शहाणपण पाजळलं. वहिनी, दादाला आता शांत बसू दे ना, वय झालं त्याचं. तिच्या हातात मी बटणं लावायला दिली, मग तिचं तोंड जरा आवरलं.

खरी धास्ती घातली ती क्लबात यांच्यासोबत वाजवणाऱ्या ड्रमवाल्याने. त्याला सगळे धडधड म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तो आला आणि कधी नव्हे तो खालच्या आवाजात बोलला. क्लब रंगकामासाठी बंद होता तो आता उघडणार होता आणि मालकाने गिटारीला एक तरुण मुलगा बघून ठेवला होता. पहिल्या शनिवारी जो उभा राहील, जागा त्याची. "वहिनी, त्या शनिवारपर्यंत मी थोपवून धरतो. पुढचं माझ्या हातात नाही." आतल्या खोलीत यांना हे ऐकू गेलं. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. ही जागा एकदा गेली की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी शिवणाची कामं बाजूला सारली. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. चार स्क्रू आवळले, तारा चढवल्या, पलंगाखालचा धूळ खात पडलेला स्पीकर ओढून काढला, आणि ती गिटार यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. घ्या म्हटलं नाही, ठेवली.

हे थोडे हलले. पुन्हा हलले. कुठे टोचतंय ते शोधत होते आणि टोचत कुठेच नव्हतं. खांदा मोकळा, बरगडी मोकळी. यांनी चाव्या पिळून सहाही मोकळ्या तारा सुरात लावल्या, आणि मग बोटं गळ्यावर वर नेली.

तोंड कडू झालं यांचं. मलाही ऐकू आलं. खाली ठीक होतं, पण बोट जसं वर सरकेल तसा सूर खाली खाली घसरत होता. ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून पाहिले, ते पुरले नाहीत. शेवटी यांनी गिटार पलंगावर ठेवली. "नाही जमायचं हे. तू खूप केलंस. आता सोड."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. यांनी ओरडायला हवं होतं, ते मी सहन केलं असतं. ते 'तू खूप केलंस' मला झोंबलं.

जरा वेळाने खोलीतून आवाज आला. टण. मग वरचा, टिण. पुन्हा टण, पुन्हा टिण. एकच तार, एकदा मोकळी, एकदा मधोमध दाबून. या माणसाला सगळं चालतं, अळणी जेवणसुद्धा चालतं, पण बेसूर चालत नाही. आमच्या लग्नात माझे मामा गायला लागले तेव्हा हे नवरदेव असून उठून बाहेर गेले होते. टण टिण चाललंच होतं. मग हाक आली, चांगली खणखणीत, "अगं, घरात स्टीलची पट्टी आहे का?"

पट्टी नव्हती. मी धावत जाऊन सुतारकाकांची आणली. यांनी मला मोजून दाखवलं. गळ्यावर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांतली बारावी पट्टी म्हणजे तारेचा बरोबर मध्य. वरून मध्यापर्यंत जेवढं, तेवढंच मध्यापासून ब्रिजपर्यंत हवं. इथे खालचा अर्धा भाग जवळजवळ अर्धा इंच जास्त होता. ब्रिज लांब बसला होता.

मी म्हटलं, शक्यच नाही, माप मी माझ्या टेपने घेतलंय. माझ्या गळ्यातला टेप काढून यांनी स्टीलच्या पट्टीला लावला. ओढून ओढून तो टेप ताणला गेला होता. त्याचे साडेपंचवीस म्हणजे पट्टीवर जवळजवळ सव्वीस.

मला आधी गिटार नाही, गिऱ्हाइकं आठवली. म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांचे कपडे चुकीचे शिवले? हे हसले. किती महिन्यांनी हसले. म्हणाले, वेडी का तू, अंगही त्याच टेपने मोजायचीस आणि कापडही त्याच टेपने, मग चुकेल कसं? चुकलं ते दुसऱ्याने सांगितलेला आकडा या टेपवर मोजलास म्हणून.

मला लाज वाटली आणि रागही आला, टेपचा कमी, माझा जास्त. टेप गोळा करून मी कचऱ्याच्या टोपलीत भिरकावला.

गिटार घेऊन हे स्वतः निघाले. डॉक्टर सोडून दुसरीकडे कुठे जायला यांनी चपला घातल्या, असं पडल्यापासून पहिल्यांदाच होत होतं. मी सुतारकाकांना म्हटलं, काका, आता माप तुमच्या पट्टीचं. काका नुसतं खाकरले, देव त्यांचं भलं करो. जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून गोंद भरला आणि वाळल्यावर नवी भोकं पाडली. पट्टी यांनी धरली होती. काकांना दोनदा थांबवून तिसऱ्यांदा मोजलं.

घरी येऊन तारा चढवल्या. टण. टिण. मोकळ्या तारेचा सूर आणि वरचा सूर बरोबर एकावर एक बसले. यांनी फोन उचलून धडधडला लावला. "त्या मुलाला सांग, दुसरीकडे बघ. शनिवारी मी येतोय."

राहिला होता पट्टा. रुंद, आतून मऊ, दुखऱ्या खांद्यावर ओझं न टाकता पाठीवर वाटून देणारा. तो मी कापडाचा शिवणार होते. यांना उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि माप घ्यायला सुतारकाकांची स्टीलची पट्टी उचलली. ती पाठीवर वळेना. हे आत गेले आणि कचऱ्याच्या टोपलीतून माझा टेप काढून, सदऱ्याला पुसून, माझ्यापुढे धरला.

"गिटारीला पट्टी लाव. मला मात्र याच टेपने मोजत जा."

मी त्यांच्या खांद्यावरून टेप टाकला, पाठीवरून घेतला आणि गिटारीपर्यंत आणला. पट्टा पहिल्याच मापाला बसला.