भावसिंगच्या जीपचे प्राण

दारव्ह्याच्या बाजाराला लागून जीपा, टेम्पो, एक नवी कोरी कारसुद्धा रांगेत उभी. सगळ्यांना चेसिसला घोड्याची नाल हवी होती. नालबाबा ती स्वहस्ते वेल्डिंग करून देत. मग म्हणे अपघात होत नाही. ठिणग्या उडाल्या की भक्त डोळे मिटत. त्या गर्दीतली तेवढीच गोष्ट शास्त्रशुद्ध होती.

वेल्डिंगआधी बाबा बॉनेट उघडत, पिवळ्या कापडाखाली हात घालून 'गाडीचे प्राण' काढत आणि नंतर परत घालत.

"प्राणगिण राहू द्या, बाबा," भावसिंग म्हणाला. नेरच्या रस्त्यावर सवारी नेणाऱ्या या जीपवरच त्याचं तांड्यातलं घर चालतं. "याडीनं, माह्या मायनं, धाडलं म्हणून आलो. नाल लावा अन् सोडा."

"जशी तुझी मर्जी," बाबा गोड हसले.

नाल लागली. जीप मेली. किल्ली फिरवून फिरवून भावसिंगचं मनगट दुखलं.

"पाह्यलं? अविश्वास नडला!" बाबा म्हणाले, आणि गर्दी शहारली.

माझ्यासोबत भाजीची पिशवी घेऊन मघापासून पाहत उभ्या असलेल्या अनघा मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात. पुढच्या टेम्पोचे प्राण निघत असतानाच त्यांनी कापड उचललं. खाली बाबांच्या हातात पाना होता.

"प्राण म्हणजे ही बॅटरीची तार," मॅडम म्हणाल्या. "भक्तांची तार हे सोडतात, वेल्डिंग मशीनची अर्थिंगची चिमटीही नालेजवळच लावतात. भावसिंगची तार तशीच ठेवली. नाल पुढे आणि चिमटी मागच्या बंपरला! करंट अख्ख्या गाडीतून फिरला, इंजिनचा कॉम्प्युटर जळाला. यांना हे ठाऊक होतं."

गर्दी वाकून तार पाहू लागली. मला वाटलं, जिंकलो.

"म्हंजे बाबाले विज्ञानबी येते!" कोणीतरी ओरडलं, आणि जयजयकार झाला.

भावसिंग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं समदं पटलं. पन जीप चालू होते का?"

"नाही रे. कॉम्प्युटर नवा बसवावा लागेल."

"थे तं मले झेपत नाही. मंग बाबालेच इचारतो."

"अरे, त्यांनीच तर जाळला!"

"मंग दुसऱ्या कोनाले इचारू?"

तो जीप ढकलत रांगेत लागला. एकट्याला ढकलेना, म्हणून मागून मीही धक्का दिला. बाबांनी कापड टाकलं आणि मेलेल्या जीपचे प्राण अगदी जपून काढले.

वाचकहो, गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, कॉम्प्युटरचा प्लग काढा, चिमटी कामाच्या अगदी जवळ लावा. याला मंत्र लागत नाही. आणि कोणी कापड टाकलंच, तर ते उचलून बघा. मात्र ठिणगी पडायच्या आधी.