नालीवर आडवा पडलेला नाक्याचा दांडा

मी जकात नाक्यावरचा जुना लोखंडी दांडा आहे. मित्रांनो, जकात म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत नसणार. सांगून सांगून मला कंटाळा आला, तरी ऐका. बाहेरून शहरात येणाऱ्या मालावर पालिका वेशीवरच कर घेई, ती जकात. वेशीवर मी आडवा. पैसे भरले, पावती फाटली, की मी वर.

अकोल्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. आम्ही दोघे सख्खे भाऊ, एकाच पाइपाचे दोन तुकडे. मी येणाऱ्या बाजूला, तो जाणाऱ्या. वऱ्हाडातल्या कोणत्या शहराच्या नाक्यावर, ते विचारू नका. उगाच कोणाला नावं कशाला ठेवा? दर दसऱ्याला आम्हांला लाल-पांढरा रंग आणि झेंडूचा हार मिळे. बाकी वर्षभर शिव्या. वरूडच्या संत्र्यांचे ट्रक थांबले, की तेवढा वास चांगला येई.

एकदा रामराव नावाचे शेतकरी लेकीचं आंदण घेऊन आले. मेटॅडोरमध्ये नवं कपाट, नवा कूलर. नाक्यावरचे कारकून गोवर्धन म्हणाले, "जकात भरा."

"अरे बाप्पा! पोरीचं आंदण हाय हे, इकाले नाही आणलं!"

"नवं हाय ना? मग भरा, मामा."

रामरावांनी भरली. पण पावती हातात घेऊन तिथंच ठाण मांडलं. "आता मले सांग, माह्या पोरीच्या सासरच्या गल्लीत लाईट कावून नाही? पैसे तर तू आता घेतले." मागं हॉर्नवर हॉर्न. शेवटी गोवर्धननी साहेबांना फोन लावला, आणि त्या आठवड्यात गल्लीत दिवा लागला म्हणतात. कर डोळ्यांसमोर जात होता ना, म्हणून लोक भांडत होते. नाक्याशेजारच्या चहाच्या टपरीतून जाईबाई हे सगळं बघत असे.

मग जकात गेली. दुसरा एक कर आला, तोही गेला आणि जीएसटी आला. मी सुटलो, खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण आम्हां भावांना उपटून पालिकेच्या आवारात भंगारात टाकलं. रंग उडाला, अंगावर कुत्री झोपू लागली. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

इकडे नाक्यामागच्या वस्तीतला नालीवरचा स्लॅब खचला. जाईबाईची नात दीक्षा त्याच वाटेनं शाळेत जाते. एक दिवस ती दप्तरासकट नालीत पडली. पाय मुरगळला आणि ती असली घाबरली, की शाळेचं नाव काढलं तरी रडू लागे. जाईबाई तडक पालिकेत आली, गोवर्धनसमोर उभी राहिली. नाका उठल्यापासून ते तिथंच कचेरीत बसत; तेही आता थकले होते, निवृत्तीला आले होते.

"गोवर्धनभाऊ, नालीवर स्लॅब कधी टाकता?"

"जाईबाई, आता पैसा आपल्या नाक्यावर नाही येत. दुकानदार जीएसटी भरते. अर्धा राज्याले जाते, अर्धा दिल्लीले. मग जकातीच्या बदल्यात राज्य आपल्याले दर महिन्याले अनुदान देते. त्यात पगार, लाईट, दवाखाना. नाली राहून जाते मागं."

"म्हंजे माह्या साखरेचा पैसा मुंबई-दिल्ली फिरून येते, अन माह्या दारातली नालीच तेवढी त्याले दिसत नाही? मी भांडू कोनाशी? पयले नाक्यावर तरी भांडता येत होतं!"

 गोवर्धननी खिडकीतून आवारात पडलेल्या आम्हां भावांकडे पाहिलं. मग अर्ज लिहून, साहेबांची सही आणून त्यांनी आम्हां दोघांना भंगारातून मोकळं केलं. जाईबाईच्या मुलानं, सुगतनं, आम्हांला नालीवर शेजारी शेजारी टाकलं आणि वर फळ्या ठोकल्या. जन्मभर रस्त्याच्या दोन बाजूंना राहिलेले भाऊ शेवटी एकत्र आले, तेही घाणीवर. दीक्षा पहिल्या दिवशी आजीचा हात धरून पलीकडे गेली. मला भरून आलं. जन्मभर मी सगळ्यांना अडवलं, आणि आता माझ्यावरून पोर शाळेत जात होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणणार. मी आतून गंजलो आहे. अडवणं हे माझं काम होतं, लेकरांचं वजन पेलणं नव्हे. तुम्ही दप्तर घ्याल, चप्पल घ्याल, तेव्हा पक्कं बिल मागा. तळाशी कराच्या दोन ओळी असतात, एक राज्याची, एक दिल्लीची. आपल्या पालिकेची ओळ तिथं नाही, तिचा वाटा मागून येतो. तो आला, की रामरावांसारखं ठाण मांडा आणि विचारा, कुठं लावला. मला रंग नको. माझ्या जागी खरा स्लॅब मागा.

आज सकाळी दीक्षा मधोमध आली आणि माझ्यातून कर्र आवाज निघाला. ती थबकली.

"आजी, हा दांडा वाकून राहिला."

"चाल पटकन, उभी नको राहू," जाईबाई म्हणाली.

पोरगी पार झाली. शाळा सुटली, की तिला याच वाटेनं परत यायचं आहे.