सूर्याची ऊब दाखवणारा दोर

मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, तीन पदरी, आणि अजूनही दोन बैलांना पुरून उरेन असा! त्या गुळगुळीत निळ्या नायलॉनशी माझी तुलना करू नका, मला राग येतो.

मोहाडीजवळच्या एका खेड्यात भैय्यालालनी मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच दिवशी वळलं. बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, धानाचे भारे रचले की ते आम्हा दोघांनी आवळायचे. वीस वर्षांत एक पेंढी पडू दिली नाही, मित्रांनो! मग ट्रॅक्टर आला आणि आम्ही गोठ्यातल्या खुंटीवर गेलो, त्यालाही वीस वर्षं झाली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा त्यांची नात दामिनी हिनं आम्हाला खाली काढलं. नववीतली पोर, पण प्रश्न केवढा! सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आसपास, मग त्याच्या वरचं वातावरण दहा लाखांच्या पुढं कसं? सूर्यातून चुंबकीय रेषा वर निघतात. खालचा उकळता वायू त्यांना हलवतो आणि दोराला झटका द्यावा तशा त्यांतून लाटा धावतात. त्या लाटांची ऊर्जा वर उष्णता होऊन जिरते. पण कशी? तिच्या विज्ञानाच्या मेघा मॅडमनी बजावलं होतं, "उद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांना हे दाखवता आलं, तरच तू जिल्ह्याला जाशील."

दामिनीनं आम्हाला शेजारीशेजारी खांबाला बांधून झटके दिले. आम्ही दोघं एका तालात डोललो. लाट गेली आणि तशीच परत आली.

"आबाजी, ताकद कुठंच जिरून नाही राहिली!" ती रडकुंडीला आली.

भैय्यालाल म्हणाले, "दोघंही सारखेच ताठ बांधले ना तू, पोरी. एक ढिला ठेव. बंडीवर तसं झालं का दोघं एकमेकाले घासतेत, मोहाडीले पोचेपर्यंत सोलून निघतेत. म्हणून म्या तसं कधी बांधलं नाही."

जन्मभर ज्यापासून मला वाचवलं, तेच आता करायचं? पण पोरीचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, घास बाई!

दुसऱ्या दिवशी शाळेत जोडीदार ताठ, मी ढिला. सुरुवातीला आम्ही सोबत निघालो, पण त्याची लाट पुढं पळाली, माझी मागं राहिली. ताल चुकला आणि आम्ही एकमेकांवर घासू लागलो. लाट खांबापर्यंत जाताजाताच मरगळली. माझे धागे तुटत होते, तरी मी हटलो नाही. परीक्षकांनी घासल्या जागी बोट ठेवलं.

"अरे, कोमट आहे!"

"शेजारच्या चुंबकीय रेषांतही लाटांचा वेग वेगळा असतो, सर, म्हणून त्यांचाही ताल चुकतो आणि घासून उष्णता होते," दामिनी म्हणाली. "हे एक कारण असू शकतं. शोध अजून चालू आहे."

"कोणी शिकवलं?"

"माह्या आबाजीनं."

तिची निवड झाली. माझा एक पदर गेला, तो भैय्यालालनी त्याच संध्याकाळी सांधला.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पण खुंटीवर टांगून नव्हे, कामाला लावून. आणि घरात कोणी धान वाहिलेलं माणूस असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. भैय्यालालना हे चाळीस वर्षं माहीत होतं. कोणी विचारलंच नव्हतं.