वेठीच्या नावाचा हात

मित्रांनो, वाळूजच्या एका कारखान्यात मोटारींचे पत्रे जोडणारा मी एक जुना रोबोट. सिनेमातल्यासारखे डोळे-पाय मला नाहीत. आहे तो एकच लांब, पिवळा हात. माझ्याभोवती जाळी आणि जाळीबाहेर माझा चालक पुंजाराम. मला पुसायला, तेल द्यायला तो कधी चुकला नाही. पत्र्यांना दिवसाला वेल्डिंगचे हजारो टाके घालायचो मी! माझं नावही तसंच भारी असणार, असं मला वाटे.

एका दुष्काळी वर्षाची गोष्ट. शहर वाढत आमच्या फाटकापर्यंत आलं होतं, नळाचं पाणी मात्र मागेच राहिलं होतं. पाणीकपातीनं काम रखडलं. खंडेनवमीला सगळी यंत्रं थांबवून पुजायची आमची रीत, पण साहेब अप्पाराव म्हणाले, "हा चालूच राहील. बंद केलात पुंजाराम, तर उद्यापासून येऊ नका."

पूजेला गंगापूरहून पुंजारामची आई मुक्ताबाई आणि कॉलेजात शिकणारी लेक तनुजा आल्या होत्या.

"काय म्हणत्यात ह्याला?" हळदकुंकवाचं ताट सावरत मुक्ताबाईंनी विचारलं.

"रोबोट. आजी, लांबच्या चेक देशातला शब्द आहे. तिथं 'रोबोटा' म्हणजे वेठ. गरिबांनी जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं, ती. शंभरेक वर्षांमागं एका नाटकात कामकरी यंत्रमाणसांना ते नाव दिलं."

मी चाट पडलो. माझ्या चकचकीत नावात केवढ्या माणसांचा घाम होता!

"माझ्या बापानं केलीय वेठ, निजामाच्या टायमाला," मुक्ताबाई म्हणाल्या. "सणाला बी गढीवर जावं लागायचं. आम्ही पोरं ताटावर वाट बघायचो. पुंजा, आजच्या दिवस थांबव ह्याला."

पुंजारामनं एकदा आईकडं पाहिलं आणि लाल बटण दाबलं. माझा हात हवेतच थांबला.

अप्पाराव तरातरा आले. मुक्ताबाई आत येऊन मला कुंकू लावत होत्या. "दमला असशील बाबा," म्हणत होत्या. साहेब थबकले. मग त्यांनी बूट काढले आणि म्हणाले, "नारळ आणा."

खरं सांगू? मी दमलो नव्हतो. मला दमणं कळतच नाही. दमला होता पुंजाराम. अठरा दिवस त्याला सुट्टी नव्हती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता नवा रोबोट आलाय, मी कोपऱ्यात असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला विसरलात तरी चालेल. यंत्राशेजारी उभ्या माणसाला आधी पाणी विचारा.