पंधरा पट्ट्यांचा खेळ

पोलीस भरतीची तयारी करणारी चार पोरं एका खोलीत राहिली की तिथं कुठलाच खेळ साधा राहत नाही. कॅरममध्ये हरला त्यानं पन्नास जोर काढायचे, पत्त्यात हरला त्यानं चौघांचे बूट धुवायचे. नांदेडला मैदानामागच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या या चौघांकडं हैदराबादहून नवा कार्डांचा खेळ आला, तेव्हा त्याचीही तीच गत झाली.

खेळ आणला मल्लेशनं. तो धर्माबादचा, त्याचा मावसभाऊ हैदराबादेत असल्या कार्डांच्या दुकानात कामाला होता. ज्यानं त्यानं आपापला चाळीस कार्डांचा डेक बांधायचा. प्रत्येकाला पंधरा जीव. आपल्या पाळीला एक जमिनीचं कार्ड मांडायचं, जितकी जमीन तितक्या दांडग्या जनावराचं कार्ड उतरवायचं, आणि त्या जनावरानं समोरच्याचे जीव खायचे. छापील नियमात एवढंच होतं. पुढचा नियम वैजनाथचा: गेलेल्या एकेका जीवामागं एकेक पट्टा. कमरेचा चामडी पट्टा काढायचा, बक्कल मुठीत धरायचं आणि मोकळ्या टोकानं समोरच्याच्या तळहातावर ओढायचा. हात कुठला द्यायचा हे मार खाणाऱ्यानं ठरवायचं. हात मागं घेतला की डाव संपला. सगळे डावा हात देत, कारण उजव्यानं मैदानात गोळा फेकायचा असतो आणि सव्वासात किलोचा गोळा सुजलेल्या हाताला दाद देत नाही.

वैजनाथ देवणीचा. चौघांत थोरला, मानेनं जाड, जिभेनं त्याहून जाड. तीन भरत्या त्याच्या एकदोन मार्कांनी हुकल्या होत्या आणि ही शेवटची होती. पुढच्या वेळी वय बसत नव्हतं. पहाटे चारला तो सगळ्यांना लाथ घालून उठवायचा, पळताना मागं पडणाऱ्याच्या पोटरीवर छडी द्यायचा. भोकरहून आलेल्या प्रेमचा गोळा सहा मीटरवरून आठावर गेला तो याच लाथाबुक्क्यांच्या जोरावर, पण हे प्रेम सहसा आठवत नसे. शिकवणाऱ्याचा मार लक्षात राहतो, शिकवलेलं आपलंच वाटतं.

मल्लेशचं मैदान, म्हणजे भरतीची पळण्याची आणि गोळाफेकीची परीक्षा, मंगळवारी होतं. त्याआधीच्या रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, तो आणि वैजनाथ लोखंडी पेटीच्या दोन बाजूंना बसले. मल्लेशचा डेक रॅम्पचा. म्हणजे सुरुवातीला लढायचंच नाही, नुसती जमीन वाढवत बसायची, मार खायचा, आणि मग एकदम कुणाला पेलणार नाही असं धूड उतरवायचं. वैजनाथचा डेक कुत्र्यांचा. एकदोन जमिनीत उतरणारी बारकी कुत्री, पण पहिल्यापासून चावणारी. मल्लेशचं धूड कधी वेळेवर आलंच नव्हतं. त्या दिवशीही आलं नाही. पण पहिला पट्टा खायची वेळ आली तेव्हा त्यानं उजवा हात पुढं केला.

"डावा दे," वैजनाथ म्हणाला.

"उजवाच."

"परवा मैदान हाय तुझं. डावा दे म्हणून राहिलो ना."

"मार की अन्ना. हात माझा हाय. का भ्या वाटून राहिलं तुला?"

चौथा गडी आदर्श फिदीफिदी हसला आणि वैजनाथचं डोकं फिरलं. त्यानं पंधराच्या पंधरा पट्टे त्या उजव्या हातावर ओढले. शेवटच्या तिनांत कातडं फुटलं आणि पेटीवरच्या कार्डांवर रक्त उडालं. मंगळवारी मल्लेशचा गोळा साडेचार मीटरवर पडला. संध्याकाळी त्यानं वळकटी बांधली, कार्डांचा डबा प्रेमच्या हातात दिला. "तू ठेव. मला आता नको," एवढंच म्हणाला आणि गाडीला गेला.

प्रेमचा आणि त्याचा जीव एक होता. डेंगीच्या तापात मल्लेशनं त्याला आठ दिवस पेज पाजली होती. ती वळकटी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा प्रेमचं ठरलं. त्याला वैजनाथचा उजवा हात हवा होता. वैजनाथचं मैदान अठरा तारखेला, प्रेमचं एकोणीसला. मध्ये बारा दिवस होते.

कुत्र्यांना कुत्र्यांनी उत्तर दिलं असतं तर वैजनाथच जिंकला असता. तो खेळ त्याच्या हाडात होता. शिवाय दोनदोन, तीनतीन पट्ट्यांनी काही होणार नव्हतं. प्रेमला सगळे पंधरा एका दमात हवे होते, आणि ते देणारं कार्ड डब्यात होतं. काळंपांढरं, डोंगराएवढं, खांद्यावर गवत उगवलेलं जनावर. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून वैजनाथनंच आपल्या गावच्या जातीवरून कौतुकानं त्याला देवणी वळू म्हणायला सुरुवात केली होती. नऊ जमिनी लागत, पण उतरल्या पाळीलाच धावायचा, बारकं जनावर त्याला अडवू शकत नसे, आणि एका धडकेत पंधरा जीव.

प्रेमनं मल्लेशचा डेक चटईवर पसरला आणि चूक पहिल्या नजरेत दिसली. सात धुडं, आणि जमीन वाढवणारी कार्डं जेमतेम पाच. हातात वळू धरून उपाशी मरायचा डेक तो. दुपारी बाकीचे घोरत असताना प्रेम एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. वळू सातव्या पाळीला यायचा आणि कुत्री सहाव्यालाच कारभार आटपायची. मग त्यानं धुडं काढली, तीन वळू तेवढे ठेवले. एक जादा जमीन आणणारे नांगरवाले आठ केले, दोन जमिनी आणणारी तळी पाच, कुत्र्यांना थोडं थोपवायला कुंपणं सहा, आणि अठरा जमिनी. मोजून चाळीस. आता वळू पाचव्या पाळीला येऊ लागला. तोवर बारातेरा जीव जात होते, म्हणजे बारातेरा पट्टे. तेही त्यानं हिशोबात धरलं. मोरीत जाऊन, दार लावून, स्वतःच्या डाव्या हातावर तो रोज पट्टा मारून घेऊ लागला. पहिल्या दिवशी चौथ्या पट्ट्यालाच डोळ्यांत पाणी आलं. आठव्या दिवशी चौदा मारून तो बाहेर आला आणि त्याच हातानं पाण्याची बादली उचलली.

सोळा तारखेला, दुपारी, त्यानं पेटी ओढली. "वैजूभाऊ, एक डाव."

"परवा मैदान हाय माझं."

"मल्लेशचं बी होतंच की."

वैजनाथनं कार्डं काढली.

पहिल्या पाळीला वैजनाथनं कुत्रं मांडलं, प्रेमनं जमीन. दुसऱ्या पाळीला कुत्रं चावलं, एक पट्टा. प्रेमनं डावा हात दिला, खाल्ला आणि नांगरवाला मांडला. तिसऱ्या पाळीला तीन कुत्री, तीन पट्टे. वैजनाथचा पट्टा असा तसा नसायचा. तो खांद्यातून यायचा. प्रेमच्या बोटांच्या पेरांवर निळं उमटलं. त्यानं तळं मांडलं. सहा जमिनी झाल्या.

"सगळं मल्लेशचंच खेळून राहिलास," वैजनाथ म्हणाला. "मार खायाचा नाद लागला का तुमाला?"

चौथ्याला चार. पत्र्याच्या खोलीत ऊन कोंडलं होतं, घाम तळहातावर उतरत होता, आणि घामावर बसलेला पट्टा दुप्पट लागतो. चौथ्या फटक्याला कातडं सुटलं. प्रेमनं सुटलेलं कातडं दातानं तोडून थुंकलं आणि कुंपण मांडलं, नांगरवाला मांडला. आठ जमिनी. आदर्शचं हसणं थांबलं होतं.

पाचव्या पाळीला वैजनाथची सगळी कुत्री सुटली. कुंपणानं दोन अडवली, बाकीची पाच चावली. ते पाच पट्टे वैजनाथनं उभं राहून मारले. प्रेमचा हात कोपरापर्यंत बधिर झाला, रक्त मनगटावरून चटईवर गळलं, पण तो तसूभर हलला नाही. तेरा गेले. दोन जीव उरले. वैजनाथ खाली बसला, धापा टाकत.

प्रेमनं नववी जमीन मांडली. मग उजव्या हातानं वळू काढून पेटीच्या मधोमध ठेवला.

वैजनाथनं कार्ड उचललं, पाहिलं, परत ठेवलं. मग तो डावा हात पुढं करू लागला.

"मल्लेशनं उजवा दिला होता," प्रेम म्हणाला.

ते वर्मी बसलं. आदर्श बघत होता, आणि धर्माबादच्या काडीपैलवानापेक्षा आपण कमी, हे देवणीच्या वैजनाथला सोसणारं नव्हतं. त्यानं डावा मागं घेतला आणि उजवा हात पेटीच्या कडेवर ठेवला, तळवा वर.

प्रेमनं बक्कल मुठीत धरलं आणि सुरुवात केली. आदर्श मोजत होता. पाचव्याला तळवा लाल झाला, नवव्याला सुजला, अकराव्याला फुटला. वैजनाथचे ओठ दातांत होते, डोळे प्रेमच्या डोळ्यांत. प्रेमला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकं बरं त्याला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. बारा, तेरा, चौदा, पंधरा.

"झालं," आदर्श म्हणाला.

वैजनाथनं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. अठरा तारखेला दोन दिवस होते, मिठाच्या पाण्यात धरला असता तर हात कदाचित वळला असता. तो चक्क हसला. "लई भारी बांधलास डेक," तो म्हणाला. "मल्लेशला जमला नव्हता."

मल्लेशचं नाव त्याच्या तोंडून, तेही हसत. प्रेमच्या मुठीत पट्टा फिरला, बक्कल खाली आलं, आणि पेटीच्या कडेवर अजून तशाच असलेल्या हातावर त्यानं ते सगळ्या ताकदीनं हाणलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मधलं बोट मागच्या बाजूला वळलं होतं.

वैजनाथ ओरडला नाही. डाव्या हातानं त्यानं प्रेमचा गळा धरला आणि त्याला पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या खोलीतली भांडी पडली. प्रेमच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मग पकड सुटली. वैजनाथ चटईवर बसून आपल्या बोटाकडं बघत राहिला.

"कुणी इचारलं तर पेटीचं झाकण पडलं म्हणायचं," तो आदर्शला म्हणाला. "एकोणीसला याचं मैदान हाय. पोलिसात भानगड नको."

अठराला वैजनाथ मैदानात गेला. पळण्यात त्यानं पैकीच्या पैकी मार्क घेतले. गोळा त्याच्या हातातून पाच मीटरवर निसटला. परत येऊन त्यानं एका हातानं वळकटी बांधली, आदर्शनं दोरी आवळून दिली. दारात तो थांबला. "उद्या गोळा सोडताना कोपर पाडू नको. तुझं कोपर पडून राहिलंय," प्रेमला म्हणाला आणि देवणीच्या वाटेला लागला.

प्रेमनं कोपर पाडलं नाही. गोळा साडेआठ मीटरच्या पुढं गेला.

त्याच दुपारी तो कार्डांचा डबा घेऊन धर्माबादच्या गाडीत बसला. मिरचीच्या बाजारात मल्लेशचा बाप हमाल. तिथंच अडतीच्या ओट्यावर मल्लेश भेटला. नवा सदरा, पायाशी बॅग. संध्याकाळच्या गाडीनं तो हैदराबादला निघाला होता, मावसभावाच्या दुकानात कामाला. हात बरा झाला होता. इतका आनंदात त्याला प्रेमनं खोलीत कधीच पाहिलं नव्हतं.

मिरचीच्या ठसक्यानं शिंकत प्रेमनं सगळं सांगितलं. डेक कसा बांधला, तेरा कसे सोसले, वळू कसा उतरला. "वैजूचं मैदान गेलं," तो म्हणाला. "तुझा हात मी वसूल केला."

मल्लेशच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पाठीमागं बापाकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"मीच दिला होता की रे उजवा. अन्ना तर डावा दे, डावा दे म्हणत होता. तू तिथंच होतास ना?"

"होतो."

"मला पोलीस व्हायचंच नव्हतं. दोन वर्सं झाली, बापाला सांगायची छाती होईना. म्हटलं हात गेला तर कोण काय बोलंल? म्हणून तर अन्नाला चिडवला मी. त्याला रोज फोन लावून राहिलो, माफी मागायला. उचलत न्हाई."

प्रेमला वैजनाथचा आवाज आठवला, परवा मैदान हाय तुझं, आणि आपण तो ऐकूनही ऐकला नव्हता हेही आठवलं. त्याला रडायला आलं, पण बाजारात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"उजव्यावर मारलेस?" मल्लेशनं विचारलं.

"हाव."

"किती?"

"सोळा," प्रेम म्हणाला.

"जीव तर पंधराच असतात," मल्लेश म्हणाला.

प्रेमनं डबा पुढं केला. मल्लेशनं तो घेतला नाही, बॅग उचलली आणि स्टेशनकडं चालू लागला.